पाठ केलेले इंग्रजी शब्द सकाळी जातात कुठे?

"मॅडम, लेकरू रात्री अकरापर्यंत पाठ करलालंय, अन् सकाळी इचारलं की कोरं. डोस्कं कमी हाय का त्याचं?"

लातुरात समुपदेशन करताना सहावी ते आठवीच्या, विशेषतः सेमी इंग्रजीच्या मुलांचे पालक हाच प्रश्न घेऊन येतात. ही आई औसा तालुक्यातली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा गावाकडं शेती बघतो आणि या बाई दोन्ही मुलांना घेऊन शहरात खोली करून राहतात. थोरला जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला, तो एकदम सेमीत आला. शिकवणीत रोज वीस शब्द पाठ करायला देतात. शनिवारी परीक्षा, आणि चुकलेला शब्द दहादा लिहायचा. शुक्रवारी रात्रीपासून त्याचं पोट दुखायला लागायचं. डॉक्टरांनी तपासून पोटात काही नाही म्हणून सांगितलं होतं.

आधी डोक्याची शंका मिटवली. मराठीचा धडा त्यानं घडाघडा वाचला आणि आदल्या रात्रीचा क्रिकेटचा सामना क्रमानं सांगितला. ज्या मुलाची मराठी वाचतानाही ओळ सुटते, अक्षरं उलटसुलट होतात, त्याची अध्ययन अक्षमतेची तपासणी जरूर करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि परीक्षेत सवलतीही मिळतात. इथं तसं काही नव्हतं.

मग वही मागितली. डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी अर्थ, पानामागून पान. वरून खाली विचारलं तर जवळपास सगळं बरोबर. मधलाच एखादा विचारला की ओठ हलायला लागायचे, कारण तो मनात पहिल्या शब्दापासून म्हणत खाली यायचा. त्याला पाठ होता तो यादीचा क्रम. शिवाय 'करंट म्हणजे विद्युतप्रवाह' हे इतकं पक्कं, की एका उताऱ्यात 'करंट प्राइस', म्हणजे चालू भाव, आलं तेव्हा साहेबांनी बाजारभावालाच शॉक दिला.

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकानं अर्थहीन अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केले. सगळ्यात जास्त विसर पहिल्या काही तासांतच पडतो, पुढं तो वेग मंदावतो, असं त्याला आढळलं. वाक्याबाहेर काढलेला इंग्रजी शब्द आपल्या पोरांना त्या अक्षरगटांइतकाच परका असतो. आईला मी नाव-साल काही सांगितलं नाही. असं पाठ केलेलं कुणाच्याही ध्यानात राहत नाही, एवढंच म्हणाले. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

मुलाला म्हटलं, गावाकडं गेलास की सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल घेऊन ये. पेरणीचे दिवस होते, लेबल आलं. त्यावर लॉट नंबर, प्युरिटी, जर्मिनेशन, डेट ऑफ टेस्ट, व्हॅलिड अप टू. जर्मिनेशनपुढं किमान 70 टक्के. शब्दकोश मी मुद्दाम लांब ठेवला आणि विचारलं, "बियाण्यात शंभरातले सत्तर काय असेल?" जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पप्पा ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात, त्यातले उगवलेले?" कृषी विभाग घरचं बियाणं पेरण्याआधी हीच चाचणी करायला सांगतो, आणि सत्तर उगवले तर बियाणं पेरणीयोग्य धरतात. नंतर शब्दकोशात त्यानं स्वतः अर्थ ताडून पाहिला आणि वडिलांच्या गोणपाटावर एक मोडकंतोडकं इंग्रजी वाक्य लिहिलं. 'व्हॅलिड' पुढच्या तारखेवरून उमगला. 'डिझॉल्व्ह' ओआरएसच्या पुडीवर सापडला, कारण एक लिटर पाण्यात ती पुडी काय करायची हे घरात सगळ्यांना माहीत. हेच शब्द विज्ञानाच्या पुस्तकातही येतात.

शब्दकोशात ताडून पाहणं मात्र सोडायचं नाही. अंदाज चुकतोही, आणि चुकीचा अर्थ एकदा बसला की काढायला अवघड. दुसरं असं की अंदाज बांधायला आजूबाजूचे शब्द ओळखीचे लागतात. हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासानुसार गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायला सुमारे 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नासात एखादाच नवा. सातवीच्या धड्यात या मुलाला ओळीओळीला नवा शब्द अडत होता. म्हणून ई-बालभारतीवरून पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक उतरवून घेतलं, ते फुकट मिळतं. "पाचवीचं?" असं म्हणून तो रुसला, पण वाचताना अडलं नाही तसा रुसवाही गेला.

खरी अडचण पुढं होती. "मला तर ए-बी-सी-डीच्या पुढं येत न्हाई, मी अभ्यास कसा घेऊ?"

मी म्हटलं, ताई, तुम्हालाच घ्यायचाय. मुलानं चिठ्ठीवर पुस्तकातलं वाक्य लिहायचं, नव्या शब्दाची जागा रिकामी ठेवायची आणि शब्द मागं लिहायचा. रोज पाच-सहाच चिठ्ठ्या. तुम्ही त्या पिसायच्या, एक काढून त्याच्यापुढं धरायची आणि मराठीत विचारायचं, "ह्यात काय म्हणलंय?" त्यानं सांगितलेलं मराठी तुम्हाला वेडंवाकडं वाटलं तर ते बहुधा चुकलेलंच असतं. मग त्यानं पुस्तक उघडून परत बघायचं. जमलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा काढायची. चुकली तर ओरडायचं नाही, ती परत उद्याच्या गठ्ठ्यात. भाकऱ्या करता करता हे होतं, वेगळा वेळ लागत नाही. धाकटी ऐकून ऐकून मध्येच उत्तर द्यायला लागली, त्यावरून दोघांची भांडणं होतात, ते वेगळं.

शिकवणीच्या सरांशी आई बोलल्या. ते वीस शब्दांवर ठाम राहिले. चाळीस मुलांची परीक्षा घ्यायची तर त्यांना यादीच सोयीची, हे मी समजू शकते. मग आम्ही ठरवलं की यादीतले जे पाच-सहा शब्द पुस्तकात किंवा घरात दिसतात तेवढ्यांच्या चिठ्ठ्या करायच्या, बाकीचे एकदा वाचून सोडून द्यायचे. शनिवारी कमी गुण पडले तर घरी कुणी विचारायचं नाही. ही अट आईला सगळ्यात जड गेली.

दिवाळीपर्यंत पोटदुखी थांबली. शनिवारचे गुण अजून बारा-तेराच्या पुढं जात नाहीत, आणि त्यावरून वडील अधूनमधून फोनवर कुरकुरतात. पण न वाचलेला उतारा समोर ठेवला तर आता तो अनोळखी शब्दाखाली रेघ मारून पुढं वाचत जातो आणि शेवटाला पोचल्यावर मागं येतो. धाकटी चौथीत आहे. तिच्या चिठ्ठ्या सध्या तोच लिहून देतो.