आधी कुलुपं काढ

प्रिय बाय,

तुझं पत्र पोचलं. नगरपालिकेने वाचनालयाला वरचा मजला द्यायचं कबूल केलं, हे वाचून फार आनंद झाला. वाढीची सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर तुला उलटं वाटेल, पण ते पूर्ण विचाराने देतोय. वरच्या मजल्याला हात लावण्याआधी खालच्या काचेच्या कपाटांची कुलुपं काढ.

ही कुलुपं भीतीपोटी लागली आहेत. पुस्तक गेलं तर भरपाई आपल्या पगारातून जाईल, ही भीती एक ग्रंथपाल दुसऱ्याला दाखलनोंद वहीबरोबरच सोपवतो. ती कागदावर तपासून बघ. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत २१५ क्रमांकाचा नियम आहे. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर ते नुकसान वाजवी मानता येतं, असं त्यात म्हटलंय. अट इतकीच, की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. चौकशी हवीच ती हजार रुपयांवरच्या आणि दुर्मीळ पुस्तकांची. हा नियम केंद्राचा आहे, तुझ्या नगरपालिकेला तो आपोआप लागू होणार नाही. म्हणून त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेव आणि त्याच धर्तीचा ठराव करून माग. ठराव झाला की तुझे सहकारीसुद्धा मोकळेपणाने काम करतील. दुर्मीळ पुस्तकं वेगळी, बंद ठेव. बाकीची सगळी वाचकाच्या हाताला लागू देत.

आपल्याकडे बहुतेक माणसं ठरावीक पुस्तक मागायला येत नाहीत. ती काहीतरी बघायला येतात. ज्याला काय हवं ते अजून ठाऊक नाही, तो काउंटरवर जाऊन किल्ली कशी मागणार? तो वर्तमानपत्र वाचतो आणि घरी जातो. वर्षानुवर्षं येणारी माणसं अशी असतात, की त्यांनी एकही पुस्तक घरी नेलेलं नसतं. त्यांना वाचनाची आवड नाही, असं कृपा करून कुणाला म्हणू देऊ नकोस.

कुलुपाचं दुसरं नुकसान गोव्यात जास्त होतं. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते, आणि पासष्टच्या पुढे कागदावर बुरशी धरू लागते. बंद काचेच्या आत हवा हलत नाही. सांभाळून ठेवलेलीच पुस्तकं सगळ्यांत आधी ठिपकेदार होतात. हातोहात फिरणाऱ्या पुस्तकाला वारा लागतो, कुणीतरी त्याची पानं उलटतो, कसर लागली तर वेळेवर दिसते. उघड्या मांडण्या बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं तरी दूर ठेव, पावसाचा मारा बसतो त्या भिंतीपासून तर नक्कीच. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर असू दे. एक आर्द्रतामापक घे आणि रोज सकाळी आकडा लिहून ठेव. ज्यावर बुरशी दिसली ते पुस्तक ताबडतोब बाजूला काढ, कोरडं होऊ दे, मग उघड्यावर मऊ ब्रशने झाड. ओल्या फडक्याने पुसू नकोस, ओल आत जिरते. आणि एसीबद्दल कुणी आग्रह धरला तर स्पष्ट सांग: दिवसा चालवून रात्री बंद करायचा असेल तर तो नसलेला बरा. थंड झालेल्या पुस्तकांवर रात्री दमट हवा येते आणि त्यांना पाणी सुटतं. पंखे आणि समोरासमोरच्या खिडक्या जास्त उपयोगी.

आता वरचा मजला. जुनी पुस्तकं वर हलवायची आणि खाली प्रशस्त वाचनकक्ष करायचा, हा बेत तिथे कुणीतरी मांडेलच. त्याला हो म्हणण्याआधी मजला किती भार पेलेल ते इंजिनियरकडून लेखी मागून घे. इमारतींच्या भारासाठीचं भारतीय मानक क्रमांक ८७५, त्याचा दुसरा भाग, राहत्या खोलीच्या जमिनीला दर चौरस मीटरमागे २ किलोन्यूटन धरतं. पुस्तकांच्या साठवणीला, कपाटं २.२ मीटर उंचीची असतील तर, किमान ६. म्हणजे साधारण दोनशे किलोच्या जागी सहाशे. जुन्या इमारतीचा स्लॅब त्या हिशेबाने घातलेला असण्याची शक्यता फार कमी. पुस्तकं खालीच राहू देत, माणसं वर जाऊ देत.

वर जाणारी माणसं म्हणजे स्पर्धा परीक्षेची मुलं. आपापली पुस्तकं घेऊन सकाळपासून खुर्ची धरतात, म्हणून काही ग्रंथपालांचा त्यांच्यावर राग असतो. मला तो कधीच पटला नाही. दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाला जागा नसलेल्या मुलाला शहराने दिलेली ती एकच खुर्ची असते. त्यांना वरचा मजला दे, टेबलाशेजारी प्लग दे, प्यायचं पाणी दे. मग खाली जुनेजाणते निवांत पेपर वाचतील आणि लहान मुलांना आवाज करता येईल. बालविभागाला जिना चढायला लावू नकोस. पुस्तकं त्यांच्या हाताच्या उंचीवर मांड, आणि फाटतील हे धरून चाल.

वेळांवर मी सगळ्यांत जास्त भर देईन. दुपारी बंद, संध्याकाळी लवकर बंद, रविवारी बंद, असं वाचनालय नोकरदारासाठी नसल्यातच जमा. संध्याकाळी सातपर्यंत दार उघडं हवं आणि रविवारी सकाळी हवंच. शहराच्या बाजाराचा दिवस बघ. म्हापशाला शुक्रवारी आसपासची गावं लोटतात, तसा तुझ्या शहरालाही असा एक दिवस असेल. त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी येत असेल तर आधी ती हलव. कदंब महामंडळाच्या शेवटच्या बसची वेळ काउंटरमागे लावून ठेव. गावात परतणाऱ्या वाचकाला ती वेळ चुकवता येत नाही.

सभासदत्वाचा अर्ज आज घरी नेऊन शांतपणे वाच, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या नजरेने. पत्त्याचा पुरावा, घरपट्टीची पावती, ओळखीच्या सभासदाची सही, अनामत रक्कम. यांतलं काय काय तिच्याजवळ आहे? मुलासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र पुरेसं मान. अनामत कमी कर, जमलं तर मुलांना माफच कर.

भाषांचं तू लिहिलं आहेस, त्यावर मन घट्ट करून सांगतो. तू आणि मी मराठीत वाढलो, मराठीवरचं प्रेम आपल्याला लपवायचं कारण नाही. पण कुठल्या भाषेला किती कप्पे, हा वाद मांडणीवर येऊ देऊ नकोस. देवनागरीतली कोकणी वाचणारा आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतली वाचणारा हे अनेकदा वेगळे वाचक असतात. दोघांना आपापली पाटी लांबून दिसली पाहिजे. कानडी आणि हिंदी बोलणाऱ्या कामगार कुटुंबांची मुलं तुझ्या शाळांत आहेत, त्यांच्या घरच्या भाषेतली पुस्तकं थोडी तरी घे. सूचीचं काम मात्र नेटाने कर. आपल्याकडे एकच लेखक पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने एकीकडे, देवनागरीत दुसरीकडे आणि टोपणनावाने तिसरीकडे सापडतो. शणै गोंयबाब आणि वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर ही दोन माणसं नव्हेत, हे संगणकाला तूच सांगायचं आहेस. प्रत्येक लेखकाचं एक अधिकृत नाव ठरव आणि बाकीची त्याला जोड.

आणि आता माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याची गोष्ट. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं. पोर्तुगीज काळातलं छापील साहित्य, जुन्या नियतकालिकांच्या फायली यांसाठी वाचकाला तिकडे पाठव. त्यांची नक्कल करण्यात पैसा घालू नकोस. तुझ्या शहराचा कागद मात्र तुझ्याशिवाय कुणी जमवणार नाही. जत्रेच्या नाटकाची हस्तपत्रकं, तियात्राची, म्हणजे कोकणी संगीत नाटकांची, पोस्टरं, देवस्थानांच्या आणि शाळांच्या स्मरणिका, चर्चची मासिकं, बंद पडलेल्या वाचनालयांच्या वह्या, दुकानांची जुनी बिलं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची पत्रकं अजूनही घराघरांतल्या ट्रंकांत सापडतील. विलीनीकरणवाल्यांचं फूल आणि विरोधकांची दोन पानं, दोन्ही बाजूंची गोळा कर आणि एकाच पेटीत ठेव. घरातली वडीलधारी माणसं गेली की पोटमाळा साफ होतो आणि हे सगळं रद्दीत जातं, म्हणून वाट बघू नकोस. देणाऱ्याचं नाव, कागद कुठला, त्यातली माणसं कोण, हे त्याच दिवशी लिहून घे. लोखंडी टाचण्या आणि रबरबँड काढ, गंज कागद खातो.

पुस्तकांच्या देणग्यांचं याच्या उलट. घेताना लेखी घे, की नको असलेली पुस्तकं आम्ही पुढे देऊ. नाहीतर ज्ञानकोशाच्या चार अपुऱ्या संचांखाली तुझी नवी जागा वर्षभरात बुडेल. जुनी, कालबाह्य पुस्तकं बाद करताना समिती नेम आणि यादीवर सह्या घे. पण बाद करच.

शाखा काढायची घाई नको. बडोद्यात सयाजीरावांच्या काळात, १९१० नंतर, पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत होत्या. तुझ्या शहराच्या कडेचे वाडे, म्हणजे वस्त्या, निवड: एखादी शाळा, एखादं देवळाचं सभागृह, एखादं पंचायत घर. प्रत्येक ठिकाणी पन्नासेक पुस्तकांची पेटी, सांभाळणारी एक व्यक्ती, दोन-तीन महिन्यांनी पेटीची अदलाबदल. जिथल्या पेटीतली सगळी पुस्तकं वाचली जातील, तिथे शाखेचा विचार कर.

पैशांबद्दल थोडक्यात. गोव्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९९३ चा आहे. मद्य आणि बियरवरच्या अधिभारातून ग्रंथालयांसाठी पैसा उभा करण्याची तरतूद त्यात आहे, ती वाचून ठेव. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान पुस्तकं, फर्निचर, इमारत यांसाठी मदत देतं, तिथला रस्ता राज्याच्या ग्रंथालय खात्यातून जातो. पण संध्याकाळच्या पाळीला बसणाऱ्या माणसाचा पगार अशा योजनांवर अवलंबून ठेवता येत नाही. तो नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी यायला हवा. म्हणून फर्निचरच्या आधी त्या पदाची मागणी टाक, आणि ती मंजूर होईपर्यंत नव्या मजल्याच्या उद्घाटनाची तारीख देऊ नकोस.

आशीर्वाद.

तुझे,
सर