गोदामातला चोर-अलार्म रात्री उगीच वाजतो, सेन्सिटिव्हिटी कमी करू का?

संकेश्वरात मिरचीचं गोदाम, वर पत्रा, पावसाळा लागल्यापासून रात्री-अपरात्री सायरन आणि शेजाऱ्यांच्या शिव्या, असं तुम्ही लिहिलंय. निपाणीपासून खानापूरपर्यंत हेच काम करतो, म्हणून सांगतो: इतक्यात सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू फिरवू नका.

आधी बघा, लाईट जाताना किंवा परत येतानाच वाजतो का? तसं असेल तर सेन्सरचा दोषच नाही. पॅनेलमधली १२ व्होल्टची बॅटरी उतरलीय, ती बदला.

तसं नसेल तर पुढचं. पीआयआर सेन्सरला, म्हणजे उष्णतेवरून हालचाल टिपणाऱ्या भिंतीवरच्या डबीला, माणूस कळत नाही. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक त्याच्या नजरेच्या पट्ट्यांतून सरकला की तो अलार्म वाजवतो. सध्या भिंती गार आहेत, फरक मोठा, म्हणून मांजरसुद्धा त्याला ठळक दिसतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात, फरक जवळजवळ राहतच नाही. आत्ता वैतागून कमी केलेला सेन्सर तेव्हा समोरून चोर गेला तरी गप्प बसेल. आणि मेमध्ये त्या स्क्रूची आठवण कुणाला असते हो?

त्यापेक्षा सेन्सरचं झाकण उघडून पल्सचा जंपर बघा, म्हणजे किती हालचालींनंतर वाजायचं ते ठरवणारी छोटी पिन. १ वर असेल तर २ वर न्या, म्हणजे एका झटक्यात न वाजता दुसऱ्या हालचालीची वाट बघतो. सेन्सरचं पुढचं भिंग पुसा. त्यावरून पाल किंवा कोळी चालला तरी सेन्सरला ते भलंमोठं काहीतरी वाटतं. वायरीचं भोक सिलिकॉननं बुजवा, मुंग्या तिथूनच आत शिरतात. तोंड शटरकडे असेल तर फिरवा. उंची सात-आठ फूट, आणि चोर सेन्सरच्या रोखानं न येता त्याच्या समोरून आडवा जाईल अशी जागा धरा. आडवी हालचाल त्याला सगळ्यात चांगली कळते. मग वॉक टेस्टवर, म्हणजे चालून तपासायच्या मोडवर टाकून स्वतः हळू चालत बघा, सेन्सरचा दिवा कुठे लागतो ते. हीच चाचणी मेमध्ये एकदा संध्याकाळी करा.

'पाळीव प्राणी चालतील' असं खोक्यावर लिहिलेलं असतं, ते जमिनीवरच्या प्राण्यापुरतं. तुमच्याकडे पोत्यांची थप्पी आहे. मांजर थप्पीवर चढलं की सेन्सरच्या हिशेबी तो माणूसच. थप्पी थोडी मागे सरकवा.

शटरवरचा चुंबकाचा सेन्सर वाऱ्यानं शटर हललं तरी वाजतो. तिथे मोठं अंतर सोसणारा शटरचाच सेन्सर लागतो, दाराचा चालत नाही.

धुराच्या डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी मात्र अजिबात कमी करू नका. तो आतल्या उजेडाच्या विखुरण्यावर चालतो आणि मिरचीची धूळही उजेड विखुरते. साफ करून भागत नसेल तर त्या जागी उष्णतेवर चालणारा, साधारण ५७ अंशांना वाजणारा डिटेक्टर बसवून घ्या.

एवढं करूनही वाजत राहिला तर पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (रेडिओ लहरींनी हालचाल टिपणारा) दोन्ही असलेला सेन्सर घ्या, दोघांना पटलं तरच वाजतो. त्यात मायक्रोवेव्हचा स्क्रू मात्र खुशाल कमी ठेवा, कारण तो प्लायवूड आणि पातळ भिंतीपलीकडची माणसंही बघतो.