गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांमुळे वेळ खरंच मंदावते का?

गुरुत्वाकर्षणामुळे, हो. जमिनीजवळचं घड्याळ उंचावरच्यापेक्षा किंचित हळू चालतं. २०१० मध्ये अमेरिकेत एक अणुघड्याळ दुसऱ्यापेक्षा जेमतेम ३३ सेंटीमीटर वर उचललं, तेवढ्यानेही फरक मोजता आला. म्हणजे माळ्यावरचं घड्याळ खालच्याच्या पुढे! जीपीएस उपग्रहांची घड्याळं उंचीमुळे रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात. उरलेला फरक आधीच वळता करून घेतात.

त्वरणाच्या माथी मात्र लोक उगाच सगळं मारतात. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात म्युऑन, म्हणजे क्षणार्धात विघटन पावणारे सूक्ष्म कण, वर्तुळात फिरवले. त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वाच्या अब्ज-अब्ज पट, तरी त्यांचं आयुष्य लांबलं ते निव्वळ वेगाच्या हिशेबाने, सुमारे २९ पट. हां, वेग वाढवत जाणाऱ्या यानात शेपटाकडचं घड्याळ नाकाकडच्यापेक्षा मागे पडतं, अगदी गुरुत्वासारखंच.