सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास कायम: पुढच्या तपासण्यांविषयी

दोन वर्षांचा थकवा, सांधेदुखी, उभे राहिल्यावर वाढणारी धडधड आणि डोके जड होऊन काही न सुचणे, एवढे सगळे असूनही रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे ‘हे मनाचेच आहे’ म्हणतात. तेव्हा संपूर्ण शरीराचा एमआरआय आणि रक्ततपासण्यांचे मोठे पॅकेज करून घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्टपणे ‘सध्या नको’ असे आहे. मीही बरीच वर्षे निदानाशिवाय काढली आहेत आणि माझ्या काही त्रासांना अजूनही नाव मिळालेले नाही, त्यामुळे सगळे एकदाच तपासून मोकळे व्हावे ही इच्छा मला चांगली ठाऊक आहे.

बहुतेक चाचण्यांची नॉर्मल रेंज निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांच्या मूल्यांवरून ठरते. त्यामुळे ठणठणीत माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर त्यांतली किमान एक रेंजबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. एएनए ही चाचणी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे का, हे पाहणारी रक्ततपासणी) १:८० या पातळीला, म्हणजे रक्तातला द्रव ८० पट पातळ करून केली तरी, निरोगी लोकांपैकी साधारण १३ टक्क्यांमध्ये पॉझिटिव्ह येते, आणि पाठ कधीही न दुखलेल्या विशीतल्या लोकांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधल्या चकत्यांची झीज बऱ्याचदा दिसते. असा एखादा निष्कर्ष हाती आला की पुढचे कित्येक महिने त्याच्याच मागे जातात आणि मूळ त्रास बाजूला पडतो.

त्यापेक्षा आधीच्या फाइलमधला प्रत्येक नॉर्मल रिपोर्ट पुन्हा वाचून, त्या चाचणीने नेमके काय तपासले आणि ती कोणत्या परिस्थितीत झाली, हे डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, कमी असू शकते. उलट शरीरात दाह असेल तर फेरिटिन वाढते आणि लोहाची कमतरता झाकली जाते. गहू आधीच बंद केला असेल तर सिलिॲक आजाराची (यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते) रक्तचाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकतात, आणि हे सहसा कोणी विचारतही नाही.

उभे राहिल्यावर होणाऱ्या धडधडीचा तुमचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण झोपवून काढलेला ईसीजी या तक्रारीबद्दल फारसे काही सांगू शकत नाही. आडवे असताना आणि त्यानंतर उभे राहिल्यावर १० मिनिटांपर्यंत नाडी व रक्तदाब मोजण्याची साधी तपासणी दवाखान्यातच करता येते. प्रौढ व्यक्तीची नाडी मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, रक्तदाब मात्र तेवढा घसरला नाही आणि असा त्रास काही महिन्यांपासून असेल, तर पॉट्स या विकाराचा (यात उभे राहिल्यावर नाडी अवाजवी वाढते) विचार होतो. अर्थात त्याआधी रक्तक्षय, थायरॉइड, पाणी कमी पडणे आणि चालू औषधे ही कारणे बाजूला काढावी लागतात. चक्कर येत असेल तर हे घरी एकट्याने करून पाहू नका.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही: श्रम केल्यावर त्रास लगेच वाढतो, की एक-दोन दिवसांनी एकदम कोसळल्यासारखे होते? दुसरा प्रकार असेल तर तो तारखांसह लिहून ठेवा. एमई/सीएफएस या दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या आजाराचे ते मुख्य लक्षण आहे, आणि त्यात ‘रोज थोडा व्यायाम वाढवत जा’ हा सल्ला उलटू शकतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२१ मध्ये तो आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. ही नोंद एका पानाची असावी: काय, कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने उतरते, आणि त्यामुळे कोणते काम करता येत नाही. जाड फाइल कोणी वाचत नाही, पान वाचतात.

‘मनाचे आहे’ या शेऱ्याबद्दल एवढेच सांगतो की रिपोर्ट नॉर्मल येणे हा मानसिक आजाराचा पुरावा नव्हे. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेतही केवळ शारीरिक कारण सापडले नाही म्हणून असे निदान करू नये, असे म्हटले आहे. तरीही झोप, उदासी किंवा भीती यांविषयी डॉक्टरांनी विचारले तर खरे ते सांगा. दीर्घ दुखण्यात नैराश्य येते, त्यावर उपचार होतात, आणि ते घेतल्याने शारीरिक कारणाचा शोध थांबवावा लागत नाही. वेदना आणि झोप यांवरचे उपचारही निदानाची वाट न पाहता आजच मागता येतात.

शोध कुठे थांबवावा, हे एकाच फिजिशियनबरोबर ठरवा: आता कोणत्या शक्यता उरल्या आहेत, पुढच्या चाचणीच्या निकालाने उपचार बदलणार आहेत का, आणि नवे लक्षण नसेल तर पुन्हा केव्हा भेटायचे. मात्र कारण नसताना वजन उतरणे, रात्री घामाने भिजणे, टिकून राहणारा ताप किंवा शौचातून रक्त यांसाठी ठरलेल्या भेटीपर्यंत थांबू नका, आणि छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, हातापायांतली शक्ती अचानक जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे असे काही झाले तर त्याच क्षणी तातडीच्या विभागात जा.