धुक्यात विमान आहे तरी कुठे?

प्रश्न : रडार नव्हतं तेव्हा धुक्यात सापडलेल्या वैमानिकाला आपण कुठे आहोत ते कसं कळायचं?

त्याला कळायचं नाहीच, जमिनीवरची माणसं शोधून सांगायची. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर 1920 च्या दशकात ही सोय झाली. पॅरिसहून येणारा वैमानिक ढगांत हरवला, की रेडिओ टेलिफोनवरून क्रॉयडनला जागा विचारायचा. तो बोलत असतानाच क्रॉयडन, नॉरफोकमधलं पुलहॅम आणि केंटमधलं लिम ही तीन केंद्रं त्याच्या लहरींची दिशा मोजायची. मग क्रॉयडनच्या टॉवरमध्ये नकाशावर प्रत्येक केंद्रापासून त्या दिशेला दोरा ताणायचे. दोरे जिथे छेदतील, तिथे विमान. तीन दोऱ्यांचा छोटा त्रिकोण झाला तर ठीक, मोठा झाला तर कुठेतरी मोजणी चुकली. यात दोन मिनिटं गेली, तर ताशी 150 किलोमीटरने उडणारं विमान पाच किलोमीटर पुढे निघून गेलेलं असायचं. उत्तर ऐकताना वैमानिकाला तेही धरावं लागे.

प्रश्न : आवाज सर्वांत मोठा येईल ती दिशा, असंच ना?

उलट! अँटेना बरेच अंश फिरवली तरी मोठा आवाज जवळपास तेवढाच राहतो. तो विरतो ती जागा मात्र नेमकी सापडते. म्हणून ऑपरेटर हेडफोन लावून शांतता शोधायचा. त्यासाठी अवजड अँटेना फिरवायचीही गरज नव्हती. बेलिनी आणि तोसी या इटालियन जोडीच्या रचनेत तारांची दोन मोठी वेटोळी काटकोनात बाहेर पक्की उभी असत. फिरायचं ते खोलीतलं छोटं कॉइल. शांतता मात्र समोरासमोरच्या दोन दिशांना मिळते. विमान पूर्वेला की पश्चिमेला, हे एकट्या वेटोळ्यावरून ठरत नाही. दुसऱ्या केंद्राचा दोरा आला की ठरतं.

प्रश्न : हे यंत्र रात्री चुकायचं, हे खरं का?

खरं. रात्री आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या खूप वरच्या विद्युतभारित थरावरून, परतलेल्या लहरी वेटोळ्याच्या आडव्या तारांतही शिरतात आणि शांततेची जागा सरकते. हे टाळण्यासाठी ब्रिटिश अभियंते फ्रँक ॲडकॉक यांनी 1919 मध्ये वेटोळ्यांऐवजी उभ्या अँटेना वापरायची रचना पेटंट केली. या साऱ्या इतिहासात मला हीच कल्पना सर्वांत सुंदर वाटते.

प्रश्न : जे. आर. डी. टाटांना अशी मदत होती का?

नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी ते टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. लहरीच नाहीत, तर दिशा कशाची मोजणार?