बाळंतिणीची ब्रँडी आणि बाकीचं

अगं पहिल्यांदाच आई व्हायलीस म्हणून सांगते, बीअर वाईनचं तू स्वतःच बंद केलंस ते बरं केलंस, पोटात बाळ असताना 'एवढीशी चालते' असं काही नसतं, दारू वारेतून थेट बाळापर्यंत जाते आणि मेंदूची वाढ तर नऊही महिने चालू असते. कळायच्या आधी लग्नात घेतली होतीस ना, त्याचं टेन्शन घेऊ नको, फक्त डॉक्टरला सांगून टाक.

खरी गंमत बाळंतपणानंतर. आपल्या सोलापुरात कुणीतरी मावशी येतेच, अंग शेकलं की चमचाभर ब्रँडी घे म्हणते, कुणी ताडी थंड असते म्हणतं, कुणी बीअरनं दूध वाढतं म्हणतं. उलट कमी उतरतं गं! दूध हवंय तर अळीव, खसखस, बाजरीची भाकरी आहेच की. आणि बाळाला सर्दी झाली म्हणून छातीला ब्रँडी चोळायला किंवा थेंब चाटवायला कुणी आलं तर सरळ नाही म्हण, सासूबाई रुसल्या तर रुसू देत.

अजून एक, दशमूलारिष्ट. औषध म्हणून आपण डोळे झाकून घेतो पण आसव-अरिष्टात, म्हणजे आंबवलेल्या आयुर्वेदिक काढ्यात, मुरताना ५ ते १० टक्के अल्कोहोल तयार होतं, बाटलीवर लिहिलेलं असतं बघ. विचारल्याशिवाय घेऊ नको.

आणि अंगावर पाजत असताना कधी घेतलीसच तर एका लहान पेगला निदान दोन तास थांब, दूध पिळून टाकलं म्हणून लवकर उतरत नाही, रक्तातली उतरली की दुधातली उतरते. त्या रात्री बाळाला शेजारी घेऊन झोपू नको मात्र.