खिशात मावणारा आणि व्हिडिओही चांगला काढणारा कॅमेरा कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा, की छोटा डिजिटल कॅमेरा मुख्यतः फोटोंसाठी हवाय, पण व्हिडिओही नीट यायला हवा; मग खोक्यावर 'फोर-के' लिहिलंय एवढं बघून घेतला तर चालेल का? नाही चालणार. मी तेवढंच बघून एक घेतला होता आणि पस्तावलो.

त्याचा झूम लांबलचक होता, फोटोही छान यायचे. भाचीचं भाषण रेकॉर्ड केलं आणि घरी लावून बघितलं, तर ऐन भाषणात लेन्सच्या मोटरची घरघर, आणि तिचा चेहरा मधूनमधून धूसर होतोय, परत स्पष्ट होतोय. फोटोत आवाज नसतो आणि फोकस क्षणभर जमला की काम झालं. व्हिडिओत तो धरून ठेवावा लागतो.

म्हणून मी आता सगळ्यात आधी बाहेरचा माईक लावायची सोय आहे का ते बघतो. छोट्या कॅमेऱ्यांत ती कमीच असते. पॅनासॉनिक एलएक्स१०० मार्क २ चा सेन्सर (आतली उजेड टिपणारी चिप) चांगला मोठा, पण माईकची पिन घालायला जागाच नाही. सोनी झेडव्ही-१ (२०२०), सोनी आरएक्स१०० मार्क ७ आणि कॅनन जी७ एक्स मार्क ३ (दोन्ही २०१९) यांत ती आहे.

मेगापिक्सेलकडे व्हिडिओसाठी बघूच नका. फोर-केची एक फ्रेम ३८४० × २१६०, म्हणजे जेमतेम ८३ लाख पिक्सेलची असते. बघायचा तो सेन्सरचा आकार. माईकची सोय असलेले वरचे तिन्ही 'एक इंची' सेन्सरचे आहेत. प्रत्यक्षात तो १३.२ × ८.८ मिमी असतो, त्यात इंच कुठे शोधू नका! तरी साध्या कॉम्पॅक्टमधल्या १/२.३ इंची सेन्सरच्या तो क्षेत्रफळाने चौपट भरतो. संध्याकाळी किंवा घरातल्या दिव्यांत हा फरक लगेच कळतो. भर उन्हातच शूटिंग करणार असाल, तर खरं सांगू, हातातला चांगला फोनही पुरेल.

या तिघांत मी झेडव्ही-१ घेईन. फोकस चेहरा सोडत नाही, स्क्रीन बाजूला उघडून आपल्याकडे वळते, आणि आत एनडी फिल्टर (लेन्समधून येणारा उजेड कमी करणारी काच) असल्याने उन्हातही शटर फार वेगात न्यावं लागत नाही. उणीव म्हणजे झूम ७० मिमीपर्यंतच आणि डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. लांबचं टिपायचं असेल तर आरएक्स१०० मार्क ७ चा झूम २०० मिमीपर्यंत जातो, व्ह्यूफाइंडरही आहे, पण एनडी फिल्टर नाही आणि अंधारात लेन्स थोडी कमी पडते. कॅननमध्ये फेज डिटेक्शन (फोकस कुठे, किती सरकवायचा हे झटकन ओळखणारी पद्धत) नाही, त्यामुळे हलत्या माणसावर फोकस चाचपडतो. झेडव्ही-१ ची पुढची आवृत्ती, मार्क २, जास्त रुंद दृश्य घेते, पण लेन्समधलं स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) त्यातून काढून टाकलंय. उरतं ते इलेक्ट्रॉनिक, आणि ते चालू केलं की चित्र कडांनी कापलं जातं.

झेडव्ही-१ घेतलात तर एक सेटिंग आठवणीने बदला. तापल्यावर आपोआप बंद होण्याची मर्यादा मुळात 'स्टँडर्ड'वर असते, ती 'हाय' करा, नाहीतर फोर-के पाचेक मिनिटांत बंद पडू शकतं. जादा बॅटरी लागणारच. कार्ड व्ही३० खूण (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी) असलेलं घ्या. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने रेकॉर्ड केलं तर मिनिटाला सुमारे ७५० एमबी जातात, म्हणजे ६४ जीबीत साधारण ८० मिनिटं.

घेण्याआधी कॅमेरा हाताळायला मिळाला, तर आपलं कार्ड घालून दोन मिनिटं चालत, बोलत, झूम करत रेकॉर्ड करा. ते तिथल्या तिथे छोट्या स्क्रीनवर बघून ठरवू नका, घरी हेडफोन लावून ऐका.